ऑस्कीची तयारी मुंबईच्या वॉर्डातच सुरू करा

यूकेत नर्स म्हणून रजिस्ट्रेशन हवं असलेल्या ज्युनिअर सिस्टर्सचे मेसेज मला सारखे येतात. त्यासाठी दोन परीक्षा असतात, सीबीटी आणि ऑस्की. सीबीटीची भीती बाळगू नका. ती कॉम्प्युटरवरची परीक्षा भारतातच देता येते. एक भाग गणिताचा, एक नर्सिंगचा. नीट अभ्यास केला की सुटते. ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा मात्र इथे यूकेत येऊनच द्यावी लागते आणि अनुभवी सिस्टरही तिथे अडखळते.

ऑस्कीत एकूण 10 स्टेशन्स, म्हणजे छोट्या छोट्या चाचण्या असतात. त्यातली 4 एकाच पेशंटभोवती फिरतात: असेसमेंट, प्लॅनिंग, इम्प्लिमेंटेशन, इव्हॅल्युएशन. औषधं देण्याचंच बघा. परळच्या वॉर्डात आपण ट्रॉली घेऊन निघायचो, पेशंट तोंडओळखीचे, केसपेपर बघितला, गोळी दिली, पुढचा बेड. इथे हात स्वच्छ करून आधी स्वतःचं नाव सांगायचं. मग पेशंटकडून त्याचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख वदवून घ्यायची, मनगटावरच्या पट्टीशी आणि चार्टशी ताडून बघायची. ॲलर्जी विचारायची, गोळी कशासाठी आहे ते सांगायचं, द्यायची का म्हणून विचारायचं. डोस, एक्सपायरी, मागचा डोस कधी झाला, हे सगळं मोठ्याने बोलत. एखादं औषध त्या वेळेला द्यायचंच नसतं. मग ते का दिलं नाही याचा कोड चार्टवर लिहायचा. मनातल्या मनात तपासलेलं परीक्षकाला कसं कळणार?

आपल्याकडे एका सिस्टरच्या वाट्याला किती पेशंट येतात ते मी पाहिलंय. प्रत्येकाशी इतकं बोलणं तिथे शक्य नाही आणि त्यात सिस्टरचा काही दोष नाही. पण एका ड्युटीत एका पेशंटशी तरी असं बोला, मराठीतच बोला. परक्या पेशंटसमोर हे सगळं क्रमाने तोंडात यायला हवं. इंग्रजीचं नंतर बघता येतं. शिवाय आपल्या आजीबाईंनाही आपण कसली गोळी घेतोय ते कळायला हवंच की!

क्लासची फी भरण्याआधी परीक्षा केंद्रांच्या साइटवरची मॉक स्टेशन्स आणि मार्किंग क्रायटेरिया बघा. ती फुकट आहेत. मैत्रिणीला पेशंट करून तिच्या हातात तो कागद द्या, ती टिक करत जाईल. एका अर्जावर 3 संधी मिळतात, तेव्हा पहिल्या वेळी राहिलं तर खचून परतीचा विचार करू नका.

आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन रिन्यू केलेलं आहे ना, ते आजच तपासा.