लाटव्हियाचे हातमोजे: द्यायचे असतील तर असे विणा

लाटव्हियात नवरी लग्नाआधी कित्येक वर्षं हातमोजे विणून पेटी भरायची. लग्नात ते सासरच्यांना आणि वऱ्हाडाला वाटायचे. चूल, उंबरा, गोठा यांनाही हातमोज्यांचा मान असे. 2006 मध्ये राजधानी रीगाला नाटोची परिषद झाली, तेव्हा पाहुण्यांसाठी असेच सुमारे 4500 जोड विणले गेले.

या हातमोज्यांना बोटांचे कप्पे नसतात, फक्त अंगठा वेगळा. बोटं एकत्र राहिल्यामुळे ऊब टिकते.

दोन्ही टोकं मोकळ्या असलेल्या पाच सुया घ्या, 2 मिमीच्या. 10 सेंमीत 36 टाके बसत असतील, तर 20 सेंमी घेराच्या पंजाला 72 टाके, म्हणजे चार सुयांवर 18-18. पाचवीने विणायचं. अंगठ्याच्या जागी 14 टाके वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने विणून ठेवा; नंतर तो दोरा उसवून वरचे-खालचे टाके उचलले की अंगठा सुरू. करंगळी झाकली की दोन्ही कडांना टाके घटवत टोक काढा.

घोळ होतो तो नक्षीत. एका रंगाने विणताना दुसरा मागून जातो आणि तो ओढला गेला की मोजा आक्रसतो, हातच शिरत नाही. दर थोड्या टाक्यांनी सुईवरचं विणकाम पसरून घ्या. सलग पाचांहून जास्त टाके एकाच रंगाचे असतील तर मध्ये दोरे एकमेकांत अडकवा, नाहीतर आत बोटं गुंततात.

लाल-पांढरी जोडी दिसते झकास, पण लाल लोकरीचा रंग आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर तपासा.