दारफळणी आणि योम किप्पुर

मी शाळेत जाऊ लागेपर्यंत आमच्या घरात ‘योम किप्पुर’ हे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचे हिब्रू नाव कुणी उच्चारल्याचे मला आठवत नाही. आजी त्या दिवसाला दारफळणी म्हणत असे. घराची दारे लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, अन्नपाणी वर्ज्य करून दिवस प्रार्थनेत घालवायचा आणि बाहेरच्या कुणाशी व्यवहार ठेवायचा नाही, ही कोकणातल्या आमच्या पूर्वजांची रीत होती. मुंबईत दिवसभर सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, बसायचे असल्याने घराला बाहेरून कुलूप लागे, पण नाव तेच राहिले. त्यामुळे पहिलीत असताना हिब्रूच्या बाईंनी योम किप्पुरची माहिती सांगितली, तेव्हा मी घरी येऊन मोठ्या उत्साहाने जाहीर केले की शाळेत आपल्याकडे नसलेला एक उपासाचा सण आहे आणि तो आपल्या दारफळणीच्याच दिवशी येतो. आई हसली. आजीला मात्र त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आमचा समाज वाढला, अशी आमच्याकडची परंपरागत कथा आहे. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून कुलाबा जिल्ह्यात आम्हांला शनवार तेली म्हणत. या समाजाच्या मुलांसाठी हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये मुंबईत इस्रायली शाळा सुरू झाली. पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीनंतर तिला त्यांचे नाव मिळाले आणि माझगावात ती त्याच नावाने ओळखली जाते. रिबेका रुबेन यांनी १९२२ ते १९५० पर्यंत तिचे मुख्याध्यापकपद सांभाळले. माझी आई त्यांच्या कारकिर्दीतली विद्यार्थिनी, म्हणून घरात त्यांचा उल्लेख नेहमी ‘आमच्या मिस रुबेन’ असाच होई. भायखळ्याला ससून घराण्याच्या नावाच्या शाळा होत्या. मी स्वतः सत्तरच्या दशकात याच परिसरातल्या एका ज्यू शाळेत शिकले.

शाळेचा दिनक्रम इतर कोणत्याही शाळेसारखाच होता: पाढे, शुद्धलेखन, डब्यातली पोळीभाजी आणि मधल्या सुट्टीतली लंगडी. फरक दोनच होते. दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे धर्मवचनांची गुंडाळी ठेवलेल्या छोट्या डबीला, बोटे लावून ती ओठांना टेकवायची आम्हांला सवय असे (वर्गातली मुसलमान आणि हिंदू मुलेही आमचे पाहून तसे करू लागली होती, आणि त्यांना कुणी अडवत नसे), आणि शनिवारी शाळा नसे. वाडीतल्या मुलांना या सुट्टीचा फार हेवा वाटे. शनिवारी सकाळी आम्हांला सिनेगॉगमध्ये किती तास बसावे लागते, हे मी त्यांना कधीच सांगितले नाही.

सणांचा खरा हंगाम म्हणजे ज्यू पंचांगातला तिश्री महिना. रोश हशाना हा ज्यू नववर्षाचा दिवस, म्हणजे आजीचा नव्याचा सण, जवळ आला की घरात गहू भिजत पडत. ते वाटून काढलेला चीक नारळाच्या दुधात आणि साखरेत तासन् तास आटवून त्याचा हलवा करत. ढवळणाऱ्याचा हात भरून आला की पळी दुसऱ्याच्या हाती जाई आणि त्या रांगेत शाळकरी मुलेही असत. सणानंतर शाळा उघडली की प्रत्येकीच्या डब्यात त्या हलव्याच्या वड्या असत आणि कुणाची वडी किती मऊ यावरून घराघरांची अब्रू ठरे. मग खिरीचा सण, मग दारफळणी, आणि तिच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण, ज्या दिवशी दानधर्म करायचा आणि नातेवाइकांकडे जायचे. शाळेच्या हिब्रू पुस्तकात शिळा सण नव्हता. मी बाईंना त्याचे हिब्रू नाव विचारले, तेव्हा त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “ते फक्त आपलं आहे.”

त्याआधीच्या एलुल महिन्याला आजी चक्क रमजान म्हणे, कारण तोही उपासांचा महिना. माझ्या बाकावरची मैत्रीण मुसलमान होती. तिच्या रमजानला अजून बराच अवकाश असताना आमच्या घरी तो सुरू झालेला ऐकून तिने आपल्या अब्बांना विचारले, की ज्यूंचे चंद्र वेगळे असतात का.

चंद्र एकच असला तरी हिशेब खरोखर वेगळा आहे. आमचे पंचांग हिंदू पंचांगासारखे चांद्र-सौर आहे. एकोणीस वर्षांत सात वेळा अधिक महिना धरतात आणि तो नेहमी अदार महिन्याचाच असतो, तर हिंदू पंचांगात अधिक मास निरनिराळ्या महिन्यांना लागतो. त्यामुळे २०२२ आणि २०२४ मध्ये आमचा नव्याचा सण आणि घटस्थापना एकाच दिवशी आली. २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे दोहोंत एक महिन्याचे अंतर पडले. सुक्कोथची, म्हणजे मांडवांच्या सणाची, पौर्णिमा बहुधा कोजागरीची असते आणि पुरीम होळीच्या आसपास येते. आजी पुरीमला होळीचा सण म्हणे आणि त्या दिवशी पुरणपोळी करी, हे मला म्हणूनच कधी विचित्र वाटले नाही. शाळेत पुरीमला एस्तेर राणीचे नाटक बसवले जाई. राणी नऊवारी नेसून येई आणि ज्यूंच्या जिवावर उठलेल्या हामानाचे नाव निघताच आम्ही बाके बडवून इतका गोंगाट करत असू, की हामान झालेल्या मुलाला आपले संवाद पुरे करता येत नसत. ती भूमिका घ्यायला कुणी सहजी तयार होत नसे.

हनुक्का मात्र पूर्णपणे शाळेचा सण होता. जेरुसलेमच्या मंदिराची ज्या पुनःप्रतिष्ठेची तो आठवण करतो, ती इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात झाली. आमचे पूर्वज त्याआधीच निघालेले असल्यामुळे त्यांना हा सण ठाऊक नव्हता, असे आमच्याकडे सांगतात. बाहेरच्या ज्यूंशी संबंध आल्यावर तो आमच्यात रुजला. म्हणून त्याला मराठी नावही नव्हते. आठ दिवस रोज एक दिवा वाढवत न्यायचा आणि एका दिवसापुरते तेल आठ दिवस पुरले याची आठवण करायची, हे मी शाळेतून शिकून आजीला समजावून सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “आम्ही तेली, आणि तेलाचाच सण आमच्याकडं नव्हता होय?” त्या वर्षीपासून आमच्या घरात तो तेलाचा सण झाला.

पेसाख या इजिप्तमधल्या गुलामगिरीतून झालेल्या सुटकेच्या सणाच्या आधी घराला सफेदी लागे, तांब्यापितळेची भांडी कल्हईला जात, आणि काळ्या मनुका भिजवून किद्दुशचे, म्हणजे सणाच्या आशीर्वादाच्या प्रार्थनेचे, सरबत केले जाई. शाळेत याच सुमारास वार्षिक परीक्षा संपत. दाखले काढले जात तेही याच दिवसांत, कारण इस्राएलला जाणारी कुटुंबे मुलांचे वर्ष पुरे होण्याची वाट पाहत. चौथीत आम्ही अकरा ज्यू मुली होतो, सातवीत चार उरलो. हिब्रूच्या तासाला ज्या अक्षरांचा आम्हांला कंटाळा येई, त्याच अक्षरांत इस्राएलमधल्या लोद किंवा दिमोना इथून आलेल्या पाकिटांवर पाठवणाऱ्या मैत्रिणींची नावे असत. आत पत्र मराठीत असे.

आजी पेसाखला अनाशी ढकाचा सण म्हणे. अनास म्हणजे आंबट द्रव साठवण्याचे भांडे, जे या सणाच्या दिवसांत झाकून ठेवायचे. ते भांडे आमच्या घरी नव्हते आणि तिच्या माहेरीही तिने पाहिलेले नव्हते. तरीही सणाच्या आदल्या दिवशी ती लोणच्याच्या बरणीवर स्वच्छ फडके बांधून ती फळीच्या मागच्या बाजूला सरकवून ठेवी. आता ठाण्याच्या घरात ते काम माझ्याकडे आहे. मागच्या वर्षी बरणी प्लास्टिकची होती.