२४ इंची रोल अपडेट: नेस्टिंग जमलं, पण कडा नडल्या

आधी चांगली बातमी. माझ्या फोटो प्रिंटरच्या २४ इंची रोलवर कागद कमीत कमी वाया जाईल असे फोटो मांडणं, म्हणजे नेस्टिंग, जमलं. ए२ (४२० बाय ५९४ मिमी) आता आडवा टाकतोय. ६१० मिमी रुंदीत ५९४ बसतं, बाजूला जेमतेम १६ जातात आणि रोल ४२० च सरकतो. उभा टाकला की ५९४ लांबी जायची, वर शेजारची १९० ची अख्खी पट्टी कोरीच्या कोरी कचऱ्यात. ३० मीटरच्या रोलला ५० च्या जागी ७१ ए२, म्हणजे मधली मार्जिनं आणि लोडिंगची छाटणी सोडून हां. फक्त प्रिंटर ड्रायव्हरचं ऑटो रोटेट बंद ठेवा आणि फिरवायचं काम क्यूइमेज या छपाईच्या सॉफ्टवेअरलाच करू द्या, दोघांनी फिरवलं तर फोटो परत उभाच येतो.

ए३ प्लसचं (३२९ बाय ४८३ मिमी) तर अजून भारी. आडवा ४८३, उरले १२७, त्यात चार बाय सहा इंची दोन पोस्टकार्डं एकाखाली एक. स्क्रीनवर तो लेआउट बघूनच जेवण गोड लागलं. (बारा बाय अठरावाल्यांनो, तुमचे दोन शेजारी शेजारी म्हणजे बरोब्बर २४ इंच, मार्जिनला जागाच नाही, सॉरी.)

आणि मग कोपरखैरण्याचा पाऊस. आधी फोटो रोलच्या मधोमध असायचा त्यामुळे कागदाच्या कडा उचलल्या काय न उचलल्या काय, कोणाला पडलीय, पण आता पोस्टकार्ड कडेपासून सेंटीमीटरभरावर आलंय आणि लस्टरची (अर्धचकचकीत फोटो कागदाची) कड दमटपणाने लाटा मारतेय, शाई सोडणारं हेड जाता जाता तिला घासतं आणि नेमकं त्या कार्डाच्या आकाशात काळा फराटा. कधीकधी तीच शाई पुढे ओढली जाऊन शेजारचा ए३ प्लसपण गेला. वाचवलेला कागद व्याजासकट परत! खोलीतला आर्द्रतेचा मीटर ७८ टक्के दाखवतोय, कागदाला ४० ते ६० च्या आसपास हवं असतं.

कागद खाली ओढून धरणारं सक्शन वाढवलं, थोडा फरक. प्लॅटन गॅप (हेड आणि कागदाखालच्या पाटीतलं अंतर) रुंद केल्यावर घासणं थांबलं पण बारीक रेषा दुहेरी दिसायला लागल्या, कारण गॅप वाढला की जाता-येताच्या दोन पासचे थेंब एका जागी पडत नाहीत. हेडची अलाइनमेंट परत केली, बायडायरेक्शनल (जाता-येता दोन्ही वेळा छापणं) बंद केलं, आता रेषा स्वच्छ येतायत पण वेळ दुप्पट. चालेल, मला कुठे दुकान चालवायचंय. रोल संपत आला की मात्र कोराजवळचा (मधल्या नळीजवळचा) कागद इतका वळलेला असतो की गॅपपण पुरत नाही. म्हणून सांगतो, तीन इंची कोरचाच रोल मागा, दोन इंचीला वळण जास्त. आमचा फोर्टातला विक्रेता दर वेळी 'सेमच आहे साहेब' म्हणत दोन इंचीच गळ्यात मारतो.

पुढचा बेत हवेतला दमटपणा शोषणारा डीह्युमिडिफायर घ्यायचा होता, पण हे टाइप करता करताच सुचलं, कडेला पोस्टकार्ड ठेवायचंच कशाला? ए३ प्लस मधोमध घेतला तर दोन्ही बाजूंना साधारण ६० मिमी छापण्याजोगे उरतात. तिथे पुढच्या फोटोंच्या टेस्ट पट्ट्या! त्या एरवीपण वेगळ्या काढतोच, फराटा आला तरी सावल्या किती बुजल्या ते कळतंच. आणि पोस्टकार्डं दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की एकदमच काढू. मॅट (बिनचकाकीच्या) कागदाचा रोलपण तोवर चढवत नाही, प्रत्येक अदलाबदलीला प्रिंटर पुढची कड छाटून टाकतो ती वेगळीच. टेम्प्लेट आज रात्री बनवतो, कोणाला फाइल हवी असेल तर सांगा.