क्रिएटिनिन किती?

आज बाबांना एमआरआयला घेऊन गेले होते. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, त्यात आता हे कंबरेचं दुखणं. फॉर्म भरताना काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणलाय?" म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी. मी चिडलेच जरा. स्कॅन कंबरेचा, मधेच किडनी कुठून आली?

रेडिऑलॉजिस्ट बाईंनी बसवून समजावलं. कॉन्ट्रास्टच्या, म्हणजे चित्र ठळक दिसावं म्हणून देतात त्या, इंजेक्शनात गॅडोलिनियम नावाचा धातू असतो आणि तो मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडतो. किडनी निकामी असेल तर अंगातच रेंगाळतो. काही जुन्या औषधांत तो पकडीतून सुटायचा; मग हातापायांची कातडी जाड, लाकडासारखी टणक व्हायची, गुडघे वाकेनासे व्हायचे. असे रुग्ण १९९७ पासून दिसत होते, पण गॅडोलिनियमवर बोट ठेवायला २००६ उजाडलं. नऊ वर्षं! आताची बरीच औषधं धातूला पिंजऱ्यात कोंडल्यासारखं धरून ठेवतात, म्हणून हा आजार फार क्वचित दिसतो.

बाबांचा स्कॅन कॉन्ट्रास्टशिवायच झाला. मणक्याची गादी बघायला तेवढं पुरतं म्हणे.

बाहेर आल्यावर फिस्टुलावर, म्हणजे हातावर डायलिसिसच्या सुया टोचतात त्या शिरेवर, बाही ओढत बाबा म्हणाले, "एक सुई वाचली बघ. आता चहा."

अर्धाच कप दिला. मोजून.