लालबागच्या डंकावर मार्केटिंग

आज दुपारभर लालबागला एका काकूंच्या मसाल्याच्या दुकानात होतो. मागे डंक, म्हणजे मसाला कुटायचं यंत्र, चालू, फोन वर धरला की शिंका.

त्यांच्याकडून कुणीतरी 'पेज व्हायरल करून देतो' म्हणत पैसे उकळलेले. पेजवर काय, तर गुलाबाची फुलं आणि शुभ सकाळ! दुकानाचा पत्ता नाही, वेळ नाही. आधी गूगल मॅपवर दुकान टाकलं. ते फुकट असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मग व्हॉट्सॲप. "ब्रॉडकास्ट पाठवते रे, पण कोणी ढुंकून बघत नाही." बघणार कसं? ब्रॉडकास्ट म्हणजे एकच मेसेज यादीतल्या सगळ्यांना वेगवेगळा पाठवायचा. पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो जातो, आणि एका यादीत माणसं जास्तीत जास्त 256. आता पाकिटावरच छापायचं ठरलंय : नंबर सेव्ह करा.

भाच्याची आयडिया होती, गूगलवर पाच स्टार देणाऱ्याला मसाला फुकट. गूगलच्या नियमात हे बसत नाही, मी सांगणार तोवर काकूच कडाडल्या, "मिरचीचा भाव बघितलायस का?"

खरा माल गल्ल्यावर सापडला. एका गिऱ्हाइकाने विचारलं, कुठली मिरची घेऊ? काकू सुरू : रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, मसाला ठेवताना बरणीत हिंगाचे खडे. मी गुपचूप रेकॉर्ड केलं, मग परवानगी घेऊन तसंच्या तसं पेजवर टाकलं. एजन्सीवाल्यांना हे सुचत का नाही, देव जाणे.

संध्याकाळी पहिली चौकशी आली. डोंबिवलीहून. कुरिअर करता का?

आता कुरिअरचे दर काढतोय.