आंब्याच्या साइटवर जपानी बूट

मी रत्नागिरीत बसून छोट्या व्यावसायिकांच्या वेबसाइट सांभाळते. होमस्टेवाले, दवाखाने, एक काजूवाला आणि हंगामात आंबेवाले. लोकांना वाटतं मी दिवसभर कोड लिहीत असते. प्रत्यक्षात निम्मा वेळ पासवर्ड शोधण्यात जातो आणि उरलेल्यातला बराचसा "साइट बंद पडलीय" म्हणणाऱ्याला त्याचं घरचं वायफायच बंद आहे हे पटवण्यात. कामाची अवजारं मात्र जवळपास सगळी फुकट. ब्राउझरमध्ये बुकमार्कचं एक फोल्डर आहे, त्यावर माझं पोट चालतं.

पाडव्याच्या आठवड्यात पावसजवळच्या एका बागायतदार काकांचा फोन आला. साइट माझी नव्हे. पुण्यातल्या एका एजन्सीने काही वर्षांपूर्वी करून दिलेली. त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकाने पहिल्या पेटीसाठी गूगलवर बागेचं नाव टाकलं, लिंक दाबली आणि समोर बुटांचं दुकान उघडलं, तेही जपानी भाषेत. त्याने काकांना विचारलं, "काय हो, यंदा आंबा सोडून चपलांचा धंदा काढलात काय?"

"आणि गंमत अशी," काका म्हणाले, "की माझ्याकडे साइट व्यवस्थित उघडते. सुनेकडे पण. आमचा भाचा आयटीत आहे, त्याने सगळ्या टेस्ट केल्या. म्हणतो काही झालेलं नाही, त्या माणसाचाच फोन बिघडलाय."

भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट पाठवले होते. एसएसएल लॅब्जवर 'ए' श्रेणी. पेजस्पीड इनसाइट्सवर वेगाचा हिरवा गोल, आकडा नव्वदीच्या पुढे. एका फुकट मालवेअर स्कॅनरचं 'काही सापडलं नाही'. खाली 'सगळं ठीक'चा अंगठा. आयटीतल्या भाच्यांचा माझा अनुभव हा असाच आहे: त्यांना टेस्ट चालवता येते, पण ती कोणत्या प्रश्नाचं उत्तर देते हे विचारायचं सुचत नाही.

यातली एकही टेस्ट खोटं बोलत नव्हती. एसएसएल लॅब्ज एवढंच तपासतं की साइटचं सर्टिफिकेट, म्हणजे तिचं ओळखपत्र, नीट आहे का आणि तुमच्या व सर्व्हरमधलं (साइट ठेवलेल्या यंत्रामधलं) बोलणं वाटेत कोणी ऐकू शकेल का. सर्व्हर स्वतःच चोराच्या ताब्यात असला तरी 'ए' मिळते, कारण तुमचं आणि चोराचं बोलणं अगदी सुरक्षित आहे. लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या सेवेने 2015च्या डिसेंबरात सर्टिफिकेट सगळ्यांसाठी फुकट खुली केली, ती चोरांनाही फुकटच मिळाली. लोक कुलपाच्या चिन्हाला भरवशाचं चिन्ह समजतात म्हणून क्रोमने 2023मध्ये अ‍ॅड्रेस बारमधलं कुलूपच काढून टाकलं. पेजस्पीड वेग मोजतं. आणि बाहेरून तपासणारा स्कॅनर साध्या पाहुण्यासारखा येतो, त्याला साध्या पाहुण्याचं पान दिसतं.

काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते पटकन म्हणाले, "म्हणजे पेटीचा वरचा थर बघून गेले सगळे." याहून चांगलं मला सांगता आलं नसतं.

मी माझ्या फोनवर प्रायव्हेट विंडो उघडून, पत्ता न टाकता, गूगलमधून शोधून लिंक दाबली. बूट. मागे येऊन पुन्हा दाबली. आंबा. तिसऱ्यांदा, आंबाच. हा या जातीच्या हॅकचा खास गुण. गूगलमधून येणाऱ्यालाच पळवायचं, आणि एका जोडणीवरून एकदाच. मालक नेहमी थेट पत्ता टाकून येतो, म्हणून त्याला कधीच काही दिसत नाही. गिऱ्हाईक दुसऱ्याला दाखवायला जातं तेव्हा तेही खोटं पडतं. होस्टिंग कंपनीच्या, म्हणजे साइट ज्यांच्या सर्व्हरवर आहे त्यांच्या, चॅटवर मी हे सविस्तर लिहिलं. उत्तर आलं, "सर, आमच्याकडून साइट व्यवस्थित चालते आहे." मी सर नाही, आणि त्यांच्याकडून ती चालणारच होती.

गूगलला काय दिसतं हे कोणत्याही पासवर्डशिवाय बघायची एक सोय आहे, ती साइट असणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावी. गूगलची 'रिच रिझल्ट्स टेस्ट'. ती आहे भलत्याच कामासाठी, पाककृती किंवा किमती सर्चमध्ये नीट दिसतील का हे बघायला. पण तिच्यात कोणताही पत्ता टाकला की गूगलचं यंत्र ते पान आणतं आणि त्याला मिळालेला कोड तुमच्यासमोर ठेवतं. मी काकांच्या पहिल्या पानाचा पत्ता टाकला. शीर्षकाच्या जागी जपानी अक्षरं, खाली ब्रँडेड बुटांची आणि पर्सांची लांबलचक यादी. काकांनी ज्या पानावर हापूसच्या भौगोलिक मानांकनाचं प्रमाणपत्र स्कॅन करून लावलं होतं ते हेच. 2018मध्ये मानांकन मिळालं ते नकली हापूसला चाप बसावा म्हणून, आणि इथे त्या प्रमाणपत्राच्या पाठीमागे कोणीतरी नकली बूट विकत होतं. गूगलवर साइटचं नाव 'साइट कोलन' लावून शोधलं तर काकांच्या बोटांवर मोजण्याइतक्या पानांऐवजी हजारोंच्या घरातली यादी आली.

आता आत जायला हवं होतं. होस्टिंगचा पासवर्ड काकांच्या सुनेकडे निघाला. ऑर्डरींच्या लांबड्या वहीच्या शेवटच्या पानावर, तारखेसह, बदलला तेव्हा आधीचा खोडून. एवढी शिस्त मी कंपन्यांत पाहिलेली नाही. डोमेनचा, म्हणजे साइटच्या पत्त्याच्या नोंदणीचा, पासवर्ड मात्र कोणाकडेच नव्हता. डोमेन एजन्सीच्या खात्यात, आणि एजन्सी फोन उचलत नव्हती.

गूगलशी बोलायचं तर सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गूगलच्या फुकट सोयीत, साइट आपली आहे हे सिद्ध करावं लागतं. उत्तम मार्ग डोमेनच्या नोंदीत एक ओळ घालण्याचा, तो बंद. मग दुसरा: गूगल एक छोटी फाइल देतं, ती सर्व्हरवर ठेवायची. ठेवली, पडताळणी झाली, आत गेले. सवयीने आधी सेटिंग्जमध्ये 'वापरकर्ते आणि परवानग्या' उघडलं. तिथे माझ्याआधी एक मालक होता. अर्थहीन अक्षरांचा जीमेल पत्ता. पडताळलेला. गेल्या ऑक्टोबरपासून.

याच गोष्टीपाशी मी अजून अडकलेली आहे. कोणी नवा माणूस मालक म्हणून जोडला गेला तर गूगल आधीच्या मालकांना ईमेल करतं. सोय चांगली आहे. पण इथे आधीचा मालकच नव्हता. काकांनी साइटचे पैसे दिले, दरवर्षी नूतनीकरणाचे देतात, बाग त्यांची, नाव त्यांचं. पण सर्च कन्सोलमध्ये ती नोंदवायची असते हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. एजन्सीच्या बिलात 'एसईओ', म्हणजे गूगलवर वर दिसण्याच्या कामाची, रक्कम होती आणि त्या रकमेत हे पाच मिनिटांचं काम नव्हतं. ते चोराने केलं. पुढे 'सिक्युरिटी इश्यूज'मध्ये गूगलने हॅकिंगची नोंदही केलेली होती. असे इशारे पडताळलेल्या मालकालाच जातात. म्हणजे चोरी झाल्याची वर्दी चोरालाच.

त्याचं काम सुबकही होतं. साइटमॅप, म्हणजे गूगलला द्यायच्या पानांच्या याद्या, एकाखाली एक ओळीत सादर केलेले, चुका शून्य. माझ्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्यांचा साइटमॅप धड नसतो.

त्याला काढायचं तर त्याची पडताळणीची फाइल उडवावी लागते. फाइल नव्हतीच. सर्व्हरवर सगळीकडे शोधली, नाही. ब्राउझरमध्ये तिचा पत्ता टाकला की हजर. मग मी एक ठरलेली युक्ती केली. गूगलच्या फायलीच्या धर्तीवर मनातलं एक नाव तयार केलं, पुढे 'गूगल', मग वाटेल ते आकडे, शेवटी 'डॉट एचटीएमएल', आणि ते उघडलं. साइटने मान डोलावली: हो, ही पडताळणीची फाइल आहे. कुठलंही नाव टाका, हो. डॉट एचटीअ‍ॅक्सेस या सर्व्हरच्या सूचनांच्या फायलीत दोन ओळी घालून अशी प्रत्येक मागणी एका पीएचपी फायलीकडे, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या कोडकडे, वळवलेली होती, आणि ती विचारलेलं नाव तसंच परत वाचून दाखवत होती. कोणताही गूगल खातेदार त्या साइटचा मालक होऊ शकला असता. वाचणाऱ्यांपैकी ज्यांची साइट आहे त्यांनी हे एकदा करून बघा. 'पान सापडलं नाही' असं आलं पाहिजे.

साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या फुकट सॉफ्टवेअरवर होती. त्याची मूळ इंडेक्स फाइल, म्हणजे साइट उघडताना आधी चालणारी, अगदी किरकोळ असते, शेरे सोडले तर कामाच्या दोन ओळी. इथली लठ्ठ झाली होती, न वाचता येणाऱ्या अक्षरांचा एकच सलग पट्टा. मी ती पुसून मूळची टाकली. पान रिफ्रेश केलं, ठीक. चहा घेऊन आले, पुन्हा लठ्ठ. अशा वेळी नवखा माणूस पुसत राहतो. कोणीतरी ती परत लिहितंय, त्याला आधी शोधायचं. क्रॉन जॉब्समध्ये, म्हणजे सर्व्हरने ठरल्या वेळी आपोआप करायच्या कामांच्या यादीत, सापडला: दर मिनिटाला एक आज्ञा, जी बाहेरून फाइल आणून जागेवर ठेवत होती. ती काढली, मग इंडेक्स, मग एचटीअ‍ॅक्सेस, या क्रमाने. त्यानंतर डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या अवजाराची चेकसम पडताळणी. वर्डप्रेसची स्वतःची प्रत्येक फाइल मूळ प्रतीशी ताडून कुठे अक्षर बदललंय ते ती सांगते. फुकट आहे, आणि मी बघितलेल्या विकतच्या कित्येक सिक्युरिटी प्लगिनांपेक्षा कामाची आहे. फक्त थीम आणि फोटोंच्या फोल्डरकडे ती बघत नाही, म्हणून तिथे हाताने शोधावं लागतं. मोहोराच्या फोटोंमध्ये एक पीएचपी फाइल बसली होती. फोटोंच्या फोल्डरात पीएचपीला काही काम नसतं. व्हायरसटोटलवर, म्हणजे एकच फाइल अनेक अँटिव्हायरसांकडून तपासून देणाऱ्या साइटवर टाकली, त्यातल्या बऱ्याच जणांनी तिला लाल ठरवलं. (तिथे टाकलेली फाइल इतरांनाही बघता येते, म्हणून गिऱ्हाइकांच्या याद्या वगैरे तिथे कधीच टाकू नयेत. लोक टाकतात.)

राहिला प्रश्न, आला कुठून? स्वस्त होस्टिंगवर लॉग, म्हणजे कोण कधी आलं त्याच्या नोंदी, जेमतेम कालचे मिळतात, ऑक्टोबरचे कुठून मिळणार. इथे माझं सगळ्यात लाडकं पान उपयोगी पडलं, सीआरटी डॉट एसएच. प्रत्येक सर्टिफिकेटची नोंद जाहीर याद्यांमध्ये होते आणि त्या याद्या तिथे कोणालाही चाळता येतात. काकांचं डोमेन टाकलं. मुख्य पत्त्याबरोबर आणखी एका पत्त्याचीही सर्टिफिकेट दिसली, बागेच्या नावापुढे 'न्यू डॉट'. उघडलं तर साइट बनवताना एजन्सीने केलेली कच्ची प्रत, त्याच खात्यात तशीच सोडलेली. वर्डप्रेस जुनं, आणि थीम (साइटच्या रूपाचा तयार साचा) विकतची, पण चोरून फुकट उतरवलेली. परवान्याची तपासणी काढून टाकलेली प्रत. होस्टिंगने इमानेइतबारे तिलाही दर तीन महिन्यांनी नवं सर्टिफिकेट दिलं होतं. दार हेच, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण माझं मत विचाराल तर हेच. एजन्सीने काही हजारांची थीम वाचवली आणि काकांना तिचं बिल लावलं. 'वेबसाइट डिझाइन, प्रीमियम थीमसह' असं त्यात छापलेलं आहे.

कच्ची प्रत उडवली, सगळे पासवर्ड बदलले, चोराचं मालकपण काढलं. 'रिमूव्हल्स'मधून जपानी पत्ते एका फटक्यात लपवता येतात, पण ते लपवणं साधारण सहा महिन्यांपुरतं. खरं काम सर्व्हरने त्या प्रत्येक पत्त्याला '410, कायमचं गेलं' असं उत्तर देत राहण्याचं. गूगलचं यंत्र हळूहळू फिरतं, यादी एका दिवसात आटत नाही. आंब्याचा हंगाम मात्र अडीच महिन्यांचा. काकांना मी सांगितलं की यंदा गूगलवरून येणारं नवं गिऱ्हाईक कमीच धरा, जुन्यांना सुनेला फोन करायला सांगा. ती तेच करत होती, वहीतल्या क्रमाने.

मालकाची गोष्ट मी काकांना दोनदा समजावली. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे ऑक्टोबरपासून कागदोपत्री साइट त्याची?"

"गूगलच्या लेखी, हो."

"मग जानेवारीत होस्टिंगचं बिल मी कशाला भरलं? त्याच्याकडून घ्यायचं."

भाच्याला मी रिच रिझल्ट्सचा स्क्रीनशॉट पाठवला. त्याचं उत्तर आलं, "पण एसएसएल तर ओके आहे ना?"

एजन्सीने शेवटी चौथ्या दिवशी फोन उचलला. डोमेन काकांच्या नावावर करून देण्याचे वेगळे पैसे मागितले, डोमेन हलवायला लागणारा ऑथ कोड अजून दिलेला नाही. हूइज, म्हणजे डोमेनची जाहीर नोंद, काढून बघितलं, ते बघायलाही पैसे पडत नाहीत. मुदत ऑगस्टमध्ये संपते. काकांना तारीख लिहून दिली, वहीत सुनेनेच उतरवून घेतली. काका म्हणाले, "आंबा आटपू दे, मग बघू."