ठोका चुकल्यासारखं वाटतं तेव्हा

माझं होतं ते असं, निवांत बसलेली असते किंवा रात्री डाव्या कुशीवर झोपलेली, आणि छातीत एकदम धस्स होतं, एक ठोका गायब झाल्यासारखा, मग पुढचा इतका जोरात की पार घशापर्यंत जाणवतो. एकदा झालं की लक्ष तिकडेच, बोटं नाडीवर, आणि मग ते थांबतच नाही. घरचे म्हणतात टेन्शन घेऊ नकोस. सासूबाई लगेच लिंबूसरबत करून आणतात, त्यांची माया खरी आहे, पण रात्री दोन वाजता डोक्यात एकच असतं, हे हार्टचं काही असलं तर?

नौपाड्यातल्या आमच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, नॉर्मल. पण साधा ईसीजी म्हणजे जेमतेम 10 सेकंदांची पट्टी हो, आणि हृदयाचे दिवसाला साधारण 1 लाख ठोके पडतात, मग माझं धस्स नेमकं त्या 10 सेकंदात कसं सापडणार? हे त्यांनाच विचारलं तर ते म्हणाले बरोबर आहे, होल्टर लावू.

होल्टर म्हणजे छातीवर स्टिकर, त्यांच्या वायरी कुर्त्याच्या आतून कमरेच्या डबीपर्यंत, ती डबी 24 तास सलग ईसीजी टिपते, तोवर आंघोळ नाही. मे महिना, ठाण्याहून ऐरोलीची लोकल, घामाने एक स्टिकर सुटत आलेला तो ओढणीआडून दाबून धरत उभी होते. सोबत कागद असतो, काय झालं ते वेळ टाकून लिहायचं. मी सगळं लिहिलं, जिना चढले, चहा घेतला, धस्स झालं. हा कागद नीट लिहा प्लीज, कारण तुम्हाला जाणवलं त्या मिनिटाला पट्टीवर काय होतं हेच तर बघायचं असतं.

रिपोर्टमध्ये व्हीपीसी निघाले, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यातून वेळेआधी पडणारे ठोके, सुटेसुटे, एकामागून एक असे नाहीत. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, ती पण नॉर्मल. कार्डिओलॉजिस्ट मॅडमनी कागदावर रेघ काढून दाखवलं की ठोका चुकत नाही, उलट एक ठोका वेळेच्या आधी पडतो, मग हृदय जरा थांबतं, त्या वेळात रक्त जास्त भरतं, आणि पुढचा ठोका जोरात बसतो. जाणवतो तो हाच. हृदय चांगलं असेल तर असे अधूनमधून येणारे ठोके बहुतेकदा धोक्याचे नसतात. हे ऐकून मला रडूच आलं तिथे.

मग धोक्याचं कधी, तर मॅडमनी सांगितलं की धडधडताना चक्कर येऊन पडलात किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत दुखलं, दम लागला, धावताना-जिना चढताना सुरू झालं, घरात कोणी कमी वयात अचानक गेलेलं असेल, आधीपासून हार्टचा आजार असेल, तर थांबायचं नाही. शुद्ध गेली किंवा छातीत दुखतंय तर सरळ 108. आणि बसल्या जागी एकदम 150 च्या वर पळायला लागलं आणि तसंच एकदम थांबलं तर तो वेगळा प्रकार असू शकतो, तो चालू असतानाच ईसीजी मिळाला तर उत्तम.

रक्त तपासणं पण आलंच. हिमोग्लोबिन कमी असलं की धडधडतं, थायरॉइडचं हार्मोन जास्त झालं की धडधडतं, पोटॅशियम कमी झालं तरी. सर्दीच्या काही गोळ्यांनी, दम्याच्या पंपानेसुद्धा होतं. आपल्याकडे बायकांचं हिमोग्लोबिन कमी असतं हे सगळ्यांना माहितीये पण धडधडतं म्हटलं की आधी स्वभावावर घसरतात, याचा मला खरंच राग येतो.

मला अजूनही होतं, झोप झाली नाही की जास्तच. मी नाडी बघणं सोडलंय, उपवनला तलावाकाठी चालायला जाते, आणि चालताना ते येत नाही यानेच मला सगळ्यात जास्त धीर येतो.

आता काळजी आईची आहे. परवा सहज तिचा हात धरला तर नाडीला तालच नाही, मध्येच पटपट, मध्येच संथ, एकसारखं असं काहीच नाही. तिला काही जाणवत नाही म्हणते. पण या वयात असा बेताल ठोका असला तर हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते, पक्षाघात होतो त्याने, म्हणून सोमवारी तिला ईसीजीला नेतेय, ती नाही म्हणाली तरी.